तिसरी पायरी

सकाळी लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरच्या बाई शेजारणीला सांगत होत्या, की त्यांच्या बहिणीच्या घरात पंधरा दिवसांपूर्वीच्या मोठ्या पावसात पाणी शिरलं होतं. किती, असं शेजारणीने विचारल्यावर बाईंनी उजवा हात आडवा धरला आणि म्हणाल्या, "हे बघा, इथपर्यंत!" लिफ्टमध्ये गर्दी होती. त्यामुळे तो हात बाईंच्या स्वतःच्या छातीसमोर न राहता बाजूला उभ्या असलेल्या त्याच्या छातीसमोर आला, शर्टाच्या दुसऱ्या बटणापासून बोटभर अंतरावर. बाई ओशाळल्या, "सॉरी हं" म्हणाल्या, हसल्या. तोही हसला. लिफ्ट तळाला पोचेपर्यंत मात्र त्याला शर्ट ओला झाल्यासारखा वाटत राहिला. दुसऱ्या बटणापर्यंत ओला, त्याच्या वर कोरडा. खाली उतरल्यावर त्याने चक्क हात लावून बघितलं. शर्ट इस्त्रीचा होता, कडक. वॉचमनने विचारलं, "काय साहेब, पाकीट विसरलात?" तेव्हा तो "नाही, नाही" म्हणत घाईघाईने बाहेर पडला, जणू खिशात दुसऱ्याचंच पाकीट सापडलं होतं.

खरं तर आडव्या हाताचं त्याला अप्रूप वाटायचं कारण नव्हतं. लोकांनी हात धरून दाखवायचा आणि त्याने मोजायचा, हेच त्याचं काम होतं. मोठ्या पावसात शहर किती तग धरेल हे ठरवणाऱ्या कचेरीत तो मोजणीप्रमुख होता. कचेरीचं नाव पाटीवर चार ओळींचं होतं, म्हणून आतली माणसं तिला नुसतं 'परीक्षा' म्हणत. एकेका गल्लीला शंभरपैकी गुण मिळायचे. गटारं किती रुंद, उतार कुठे, पंप आहेत का, दवाखाना किती लांब, आणि सगळ्यांत जास्त गुण शेवटच्या प्रश्नाला: मागच्या वेळी पाणी कुठपर्यंत आलं होतं? त्याच्यासाठी यंत्र नव्हतं. भिंतीवरचे डाग लोक रंगवून टाकतात, पण ज्याच्या घरात पाणी शिरलं तो उंची विसरत नाही, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. दारात जायचं, घरातल्या सर्वांत जुन्या माणसाला विचारायचं, त्याने हात आडवा धरला की हाताखाली टेप सोडायचा. लोक खोटं बोलत नाहीत. बोललेच तर दोन बोटं कमीच सांगतात, कारण आपल्या घरात पाणी शिरलं होतं याची त्यांना, कशी कोण जाणे, लाज वाटते. नव्या लोकांना शिकवताना तो हे वाक्य हमखास टाकायचा आणि ते वहीत लिहून घेतलं जायचं. पाणी अर्ध्या मीटरच्या आत असेल तर गल्ली हिरवी. वर गेलं तर पिवळी. मीटर ओलांडला तर लाल. लाल गल्लीला पंप, भोंगा, आणि पाऊस वाढला की माणसं आधी हलवायच्या यादीत वरचा नंबर. हिरव्या गल्लीला शाबासकी.

आत्याच्या गल्लीला हिरवा रंग त्यानेच दिला होता. बसच्या खिडकीशी बसून तो नेहमीप्रमाणे त्या दिवसाला बगल द्यायला बघत होता, पण आज दुसऱ्या बटणापाशी ते पाणी हलत होतं. गेल्या वर्षीची गोष्ट. बरोबर पट्टीवाले होते. पट्टीवाले म्हणजे कचेरीतले सर्वांत जुने कर्मचारी. खांद्यावर मोजायची लांब पट्टी आणि तोंडात विनोद, दोन्ही त्यांनी तीस वर्षांत कधी खाली ठेवलं नव्हतं. गल्ली एके काळी शिंप्यांची होती. आता त्यातला एकच शिंपी उरला होता आणि तो म्हणजे त्याची आत्या. रस्त्यावर दर दोन-तीन वर्षांनी डांबराचा नवा थर चढायचा, जुना कोणी उकरायचं नाही, त्यामुळे रस्ता वर वर गेला होता आणि घरं होती तिथेच राहिली होती. पट्टीवाल्यांनी दाराची कडी वाजवली. आत्या दारात आली. तिचं डोकं त्यांच्या कमरेपाशी होतं. उन्हामुळे तिने कपाळावर हात धरला आणि वर बघितलं, आधी पट्टीवाल्यांकडे, मग त्याच्याकडे. "मावशी, मागच्या वेळी पाणी कुठवर आलं होतं हो?" पट्टीवाल्यांनी विचारलं. त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे तिने जरा वेळ बघितलं आणि हात आडवा धरला. छातीशी. "अहो मावशी," पट्टीवाले म्हणाले, "तुम्ही खड्ड्यात उभ्या राहून दाखवताय, मग पाणी छातीपर्यंतच येणार की!" आणि तो हसला. तोंडदेखलं नाही, खरंच हसला. पोटातून, सुटल्यासारखा. पट्टीवाले म्हणाले, "साहेब, आत उतरून टेप धरू?" तो म्हणाला, "नको. रस्त्यापासून धरा." रस्त्यापासून चाळीस सेंटीमीटर भरलं. आत्या म्हणाली, "झालं का साहेब?" त्या आवाजात तो शब्द त्याने जन्मात कधी ऐकला नव्हता. तो मान हलवून पुढच्या दाराकडे वळला.

तो आठ वर्षांचा असताना आई गेली. वडिलांची नोकरी फिरतीची, म्हणून त्यांनी त्याला बहिणीकडे आणून सोडलं, एक पेटी आणि एक ताप आलेला मुलगा. आत्याने आधी पेटी उघडली नाही, आधी त्याची मापं घेतली. "आजारी माणसाची मापं घेऊन ठेवावीत," ती म्हणाली, "बरा झाल्यावर कळतं किती खाल्लं ते." ती अशी बोलायची. एक खोली, मधोमध कापडं बेतायचं भलंमोठं टेबल, आणि त्याच टेबलाखाली त्याचं अंथरूण. तेव्हा घर रस्त्याच्या बरोबरीने होतं. त्याची शाळा संपेपर्यंत दोन पायऱ्या खाली गेलं होतं. पहिली पायरी रुंद, दुसरी आखूड, कारण दुसरीच्या वेळी सिमेंट पुरलं नव्हतं. दाराची चौकट इतकी खाली आली होती की वाकूनच जावं लागायचं. आत्याच्या टेपचं पुढचं पितळी टोक तुटलेलं होतं आणि पहिला इंच झिजून गेला होता. ती एकच्या आकड्यापासून मोजायची आणि मनातल्या मनात एक वजा करायची. बारा वर्षांचा असताना एका गिऱ्हाइकाचं माप त्याने आपल्या शाळेच्या नव्या कोऱ्या टेपने घेतलं, मोठ्या ऐटीत. आत्याने सवयीने एक वजा केला. पॅन्ट इंचभर आखूड झाली. गिऱ्हाईक मोठ्या आवाजाचा माणूस होता. त्याने दुकान डोक्यावर घेतलं, आणि आत्या मान खाली घालून म्हणाली, "माझ्याकडून चूक झाली, दुसरी शिवून देते." टेबलाखाली बसून त्याने ते ऐकलं. तो माणूस गेल्यावर ती टेबलाखाली वाकली आणि म्हणाली, "या, इंच्या, बाहेर या. माप कोणीही घेतं रे. शून्य कुठे धरलंय ते आधी बघायचं." तेव्हापासून तो इंच्या. त्या नावाने त्याला हाक मारणारं जगात एकच माणूस होतं.

तो कचेरीच्या स्टॉपवर उतरला नाही. बस पुढे गेली, शेवटच्या स्टॉपला पोचून वळली, आणि तो तसाच बसून राहिला. कंडक्टरने दोनदा बघितलं. लग्नातला प्रसंग आठवायचा नाही असं त्याने ठरवलेलं होतं, आणि ज्याअर्थी ठरवावं लागत होतं त्याअर्थी तो रोजच आठवत असणार. बायकोच्या माहेरची माणसं देखणी, मोजकं बोलणारी. त्याच्या अंगातला कोट आत्याने शिवला होता, दोन महिने खपून. समारंभ सुरू व्हायच्या आधी ती त्याच्यामागे उभी राहून खांद्यावरची एक सुरकुती दाताने दोरा तोडून नीट करत होती, तेव्हा बायकोच्या काकांनी विचारलं, "या कोण?" तो म्हणाला, "कोट यांनीच शिवलाय." शब्दाने खोटं नव्हतं. काका म्हणाले, "वा, हात चांगला आहे." आत्याने दोरा गुंडाळून मुठीत धरला आणि मागच्या खुर्च्यांकडे गेली. नंतर वर्षातून दोन फोन. "ये कधी" असं ती पहिली काही वर्षं म्हणायची. पुढे "कामं असतील तुझी" असं म्हणायला लागली, आणि त्याला ते सोयीचं पडलं, हे त्याने आता बसमध्ये स्वतःशी कबूल केलं. कबूल केल्याने काही हलकं वाटलं नाही.

पण एवढ्यावर थांबला असता तर ती एका घरची गोष्ट झाली असती. आत्याची गल्ली मोजली त्या दिवशी कचेरीत परतल्यावर त्याला धाकधूक लागली की एकाच गल्लीत माप रस्त्यापासून आणि बाकी सगळीकडे घरातल्या जमिनीपासून, हे कोणी पकडलं तर? तेव्हा त्याने मोजणीच्या नियमांत चौथा नियम घातला: सर्व मापे एकसारखी असावीत म्हणून पाण्याची उंची रस्त्याच्या पातळीपासून धरावी. भाषा चोख होती. मोठ्या बाईंनी, म्हणजे कचेरीच्या प्रमुखांनी, त्याचं कौतुकही केलं. अशा रीतीने एका दारात उतरायला लागू नये म्हणून त्याने शहरातल्या साऱ्या खोल घरांचं पाणी दोन-तीन पायऱ्यांनी कमी करून टाकलं. दोनशे बारा गल्ल्या हिरव्या झाल्या. नकाशा भिंतीवर लागला तेव्हा तो पाहुण्यांना मोठा रम्य वाटला. मग पंधरा दिवसांपूर्वी तो पाऊस झाला. बचाव पथकाची यादी त्याच्या टेबलावर आली, त्यात आठव्या पानावर एक ओळ होती: वृद्ध महिला, एकटी, अकरा तास कापडाच्या टेबलावर उभी, सुखरूप. नाव नव्हतं. टेबल मात्र त्याने ओळखलं. त्या ओळीखाली 'पाहिले' अशी सही करून त्याने कागद पुढे पाठवला आणि स्वच्छतागृहात जाऊन कितीतरी वेळ नळ सोडून उभा राहिला. दोन दिवसांनी फोन केला. आत्या म्हणाली, "आलं होतं थोडं पाणी. तू नको काळजी करू. तुमच्याकडे ठीक ना सगळं?" वर्षापूर्वी तुला दारात बघितलं होतं, असं ती एका अक्षराने म्हणाली नाही. तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याने त्या कानांत साठवून ठेवल्या असत्या.

कचेरीत तो अकराला पोचला. गल्ल्यांच्या रंगांची नवी यादी दुसऱ्या दिवशी दुपारी बंद होणार होती. त्यानंतर पंप आणि भोंगे जिथे बसायचे तिथे बसले असते आणि पुढची पाच वर्षं तीच हिरवळ कायम राहिली असती. मोठ्या बाई उभ्यानेच चहा पीत कागद चाळत होत्या. त्या कधीच बसून चहा पीत नसत.

"चौथ्या नियमात गडबड आहे," तो म्हणाला.

"कसली गडबड? तुमचाच नियम आहे तो."

"रस्ते वर आलेत. घरं खाली राहिलीत. रस्त्यापासून मोजलं तर घरातलं पाणी मोजलंच जात नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. "हे आज कळलं तुम्हाला?"

'नाही' हा शब्द त्याच्या तोंडात अगदी तयार होता. "थोडं... लक्षात आलं नव्हतं," तो म्हणाला.

"आणि तिथल्या लोकांनी सांगितलं नाही? त्यांना तर दिसत असेल."

"सांगितलं होतं एकीने."

"मग?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कोणीतरी उशा वाळत घालत होतं. बाईंनी, बहुधा कामाचा ढीग आठवून, तो प्रश्न सोडून दिला. "आज एक घर जमिनीपासून मोजून आणा. फोटो, सही, सगळं. एक पुरावा असला की मी यादी थांबवते. कुठलं घर घेताय?"

त्याने सांगितलं. पत्ता सांगताना आवाज नीट निघाला, म्हणून त्याला स्वतःची शिसारी आली. सत्य बोलायला आलेला माणूस अर्धं खिशात ठेवून परत निघाला होता.

दुपारी गाडीत पट्टीवाले नातवाच्या उचापती सांगत होते. "परवा काय केलं पठ्ठ्याने, माझी पट्टी घेतली आणि म्हणाला, आजोबा, तुम्ही पाच फूट एक आहात. म्हटलं, अरे, मी पाच चार आहे. तर म्हणतो, तुम्ही वाकलात! घ्या!" स्वतःच हसले, मग त्याच्याकडे बघून थांबले. "साहेब, बरं नाही का?" "बरं आहे." "त्या मावशी आठवतात हो मला," पट्टीवाले जरा वेळाने म्हणाले. "मी उगाच थट्टा केली. पाऊस झाला त्या दिवशी मला आधी त्यांचीच आठवण झाली. घरी बायकोला बोललो सुद्धा." म्हणजे पट्टीवाल्यांनीही लाज वाहिली होती, त्यांची नसलेली, एका विनोदापुरती, आणि घरी जाऊन बोलूनही टाकली होती. त्याच्या बायकोला तर त्या गल्लीत कोणी आहे हेच धड माहीत नव्हतं.

गल्लीत भिंतींना खालचा रंग वेगळा आणि वरचा वेगळा झाला होता. दारासमोर गाद्या, खुर्च्या, एक कपाट उन्हात उभं. आत्याच्या दाराची कडी पट्टीवाल्यांनीच वाजवली. ती आली. बारीक झाली होती. तिने दोघांकडे बघितलं आणि तिचा चेहरा जो उजळायला लागला होता तो पट्टीवाल्यांची पट्टी दिसताच तिने आवरून घेतला. ते आवरणं त्याला स्वच्छ दिसलं. ती बाजूला झाली आणि म्हणाली, "या साहेब. सांभाळून, खाली उतरायचंय."

तो उतरला. खाली न बघता पहिल्या रुंद पायरीवर पाऊल टाकलं, दुसऱ्या आखूड पायरीवर तिरकं टाकलं, चौकट यायच्या आधीच मान वाकवली, आणि मग जमीन समजून पाय पुढे टाकला तर तिथे जमीन नव्हती. तो भेलकांडला. भिंतीला धरून कसाबसा सावरला. मागे पट्टीवाल्यांचं डोकं चौकटीवर टणकन आपटलं आणि ते "अगं आई गं!" म्हणून ओरडले.

"तिसरी नवी आहे," आत्या हलकेच म्हणाली. आणि पट्टीवाले कपाळ चोळत दारातच उभे आहेत हे बघून जोडलं, "साहेब."

पट्टीवाल्यांनी कपाळ चोळता चोळता त्याच्याकडे बघितलं, मग दोन पायऱ्यांकडे, मग परत त्याच्याकडे. तीस वर्षं मोजमाप करणाऱ्या माणसाला एवढं कळायला वेळ लागत नाही. "साहेब, मी वर रस्त्याची पातळी घेतो," ते म्हणाले. "तुम्ही घ्या आतलं." ते वर गेले, पण त्यांचे पाय दारातून दिसत राहिले.

खोलीला ओल्या कापडाचा वास होता. मशीन गंजलं होतं. टेबल मात्र जागच्या जागी, पाय फुगलेले. भिंतीवर शिंप्याच्या निळ्या खडूने दोन रेघा ओढलेल्या होत्या, पट्टीने ओढाव्यात तशा सरळ. आत्याने खालच्या रेघेवर हात आडवा ठेवला. "हे मागच्या वेळचं. आपण आला होतात तेव्हा दाखवलं होतं ते." मग हात हनुवटीपर्यंत वर नेला. "हे यावेळचं, मी टेबलावर चढले तोवरचं. पुढचं काही कळलं नाही, अंधार होता. मोजायला कोणी आलं तर पुसलेलं नको म्हणून आखून ठेवलं." ती त्याच्या ओळखपत्राशी बोलत होती. वर डांबरावर पट्टीवाल्यांचे बूट इकडून तिकडे हलत होते. तिने भाचा दारात ओळखला होता, त्याने तिला ओळख दिली नाही हे बघितलं होतं, आणि आपलीच काही चूक झाल्यासारखी ती वर्षभर त्याची लाज सांभाळत बसली होती. आत्ताही तीच सांभाळत होती. पुन्हा एकदा गिऱ्हाइकासमोर मान खाली घालून उभी होती ती.

टेपचं टोक जमिनीला धरण्यासाठी त्याला गुडघे टेकावे लागले. जमीन अजून दमट होती, पॅन्टमधून लागत होती. त्याने शून्य फरशीवर दाबून धरलं. दुसरं टोक तिने वर घेतलं, त्याने न सांगता, रेघेला लावलं, आणि सवयीने डोळे बारीक करून वाचलं. "एकशे सहा. ही खालची. वरची एकशे एकवीस." त्याला लिहायचं होतं. वही खिशात होती, पण अंगठा शून्यावरून उचलवेना. तिची पावलं त्याच्या तोंडासमोर होती, पाण्याने कातडी सोललेली, नखं पांढरी पडलेली, अजूनही. अकरा तास. वरचे बूट थांबले होते. पट्टीवाले ऐकत असणार, आणि ऐकूनही आपल्या बायकोखेरीज कोणाला सांगणार नाहीत, आणि सांगितलं तरी सांगू देत, असं त्याला वाटलं.

"आत्या," तो म्हणाला. मोठ्याने, वरपर्यंत जाईल इतक्या मोठ्याने. "आत्या, मला माहीत होतं गं."

टेपचं वरचं टोक तिच्या हातातून सुटलं आणि त्याच्या खांद्यावर पडलं. ती घाईघाईने खाली वाकली, टेबलाखाली वाकायची तशी, दाराकडे बघितलं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"हळू बोल, इंच्या," ती म्हणाली. "ते बाहेरच आहेत, ऐकतील ना."